खांद्याइतकं अंतर

सराफ्यात भरदुपारी मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी माझ्या गळ्यातली पोत ओढली. ओढ काही फार जोराची नव्हती. पण मी पडले, आणि तेही साधं नाही, दुकानाच्या पायरीवरून घसरत थेट नालीत बसले. पोत तुटली. काळे मणी नालीच्या पाण्यात गेले आणि अर्धी पोत घेऊन ते दोघं गल्लीच्या तोंडाशी दिसेनासे झाले. दुकानातल्या माणसानं मला हात देऊन उठवलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. मी रडले नाही. एवढ्याशा ओढीनं आपण पडतो, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं आणि त्याचा मला भयंकर राग आला.

घरी आले तर नवऱ्याचं पहिलं वाक्य, "काहून गेली होती एकटी?"

लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, 'तुम्ही' म्हणते. इथे मात्र नवरा आणि 'तो' असंच लिहिणार आहे. सव्वीस वर्षं अहो-जाहो केलंय, कागदावर तरी सुट्टी हवी. तो इथे जबलपूरला एका संरक्षण कारखान्यात गेज तपासणीवर आहे. म्हणजे तयार झालेला प्रत्येक तुकडा ठरलेल्या मापात बसतो का, हे बघायचं. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. मी एका शाळेत हिंदी शिकवते. मराठी बाईनं इथल्या पोरांना हिंदी शिकवायचं, याची आमच्या नातेवाइकांत फार चेष्टा होते. पण त्या चेष्टेचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो नवऱ्यानं माझ्या पडण्याचा किस्सा केला त्याचा. कोणीही घरी आलं की चहा ठेवायच्या आत सुरू व्हायचा. "ओढलं नाही अजून, तर ही धपकन नालीत!" असं म्हणून तो खुर्चीवर धपकन बसून दाखवायचा. लोक हसायचे आणि मी कप मांडत राहायचे.

मी म्हटलं, मला कराटे शिकायचंय. तो हसला. एकोणपन्नासाव्या वर्षी लाथा झाडणार काय, म्हणाला. चार दिवसांनी स्वतःच बातमी घेऊन आला. आमच्या कॉलनीच्या मैदानावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक सर सकाळी सहाला 'ताई ची' नावाचा प्रकार शिकवतात. "चायनाचं आहे. एकदम हळू असतं. तुला झेपून जाईल. मी पण येऊन राहिलो सोबत." तो शिकायला येत नव्हता. मी काय करते ते बघायला येत होता.

सर नोकरीत कलकत्त्याला असताना तिथल्या एका चिनी दुकानदाराकडून ही विद्या शिकले होते. वय सत्तरीच्या जवळ, पोट सुटलेलं, डोक्याला बारा महिने मफलर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "ये एक्सरसाइज नहीं है. लड़ाई है. धीरे इसलिए सिखाते हैं कि गलती छुपे नहीं." मग दोन्ही हात पोटासमोरून आणि तोंडासमोरून हळूहळू गोल फिरवून दाखवले. बागेतल्या म्हाताऱ्यांचा व्यायाम असतो तसाच दिसला. लगेच त्यांनी नवऱ्याला पुढे बोलावलं आणि ठोसा मारायला सांगितला. नवऱ्यानं मारला. तेच दोन हात तेवढेच हळू फिरले आणि नवरा गवतावर गुडघे टेकून बसला. मला हे शिकायचंच आहे, हे मी त्या क्षणी ठरवलं. माझ्या मनात काही पवित्र वगैरे नव्हतं, तो गुडघ्यांवर बसलेला बघून फार छान वाटलं होतं.

क्लासची रीत अशी होती. आधी सगळ्यांनी मिळून आखलेल्या हालचालींचा एक पूर्ण फेरा. पुरुष पुढे, बायका मागच्या रांगेत. मग वीस मिनिटं पुश-हँड. म्हणजे दोघांनी समोरासमोर एक पाय पुढे टाकून उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि एकानं ढकलायचं. दुसऱ्यानं अडवायचं नाही, तो जोर अंगावर घेऊन बाजूला काढून द्यायचा. ज्याचा पाय हलला तो हरला. खरी लढाई इथेच शिकायची. आणि नेमकं त्याच वेळी आम्ही चार बायका कडुलिंबाखाली जाऊन बसायचो.

का, म्हणून कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. सर इतके गडबडले की मफलर सारखा करायला लागले. "भाभीजी, जेंट्स लोगों के साथ हाथ लगाना... ठीक नहीं लगता. सब कॉलोनी के लोग हैं." बाकीच्या तिघींना मी म्हटलं, चला, आपण आपसांत करू. त्यांनी हातच जोडले, "हमको नहीं लड़ना, दीदी." शेवटी सरांनीच तोड काढली. "भाई साहब हैं ना आपके. उनके साथ कर लीजिए."

म्हणजे लढाई शिकायची तर या संपूर्ण शहरात माझ्यासाठी एकच माणूस मोकळा होता, आणि तो माझा नवरा होता.

पहिल्या दिवशी त्यानं मला तीन सेकंदांत हलवलं. मी बाजूला कलले, पाय उचलला गेला. "रिजेक्ट," तो म्हणाला. शेजारचे दोघं हसले. पुन्हा उभी राहिले, पुन्हा तेच. त्याला फारसं ढकलावंही लागत नव्हतं. जरा बाजूनं रेटा दिला की मी गेले. दुसऱ्या दिवशी तेच, महिन्यानंतरही तेच. 'रिजेक्ट' हा शब्द मैदानावर इतका रुळला की इतर पुरुषही एकमेकांना म्हणायला लागले. परतताना तो मित्रांबरोबर खोव्याच्या जलेब्या खायला थांबायचा. मी स्कूटरजवळ उभी राहून त्याच्या पाठीकडे बघायची. त्या वेळी माझ्या मनात जे यायचं, ते हिंदी शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणार नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यानं एक काम मात्र केलं. रविवारी गच्चीवर स्टीलचा टेप, खडू आणि फाटकाचा उरलेला पिवळा ऑइलपेंट घेऊन बसला आणि तीन तास खपून फरशीवर पावलं रंगवली. त्याची एक जोडी, माझी एक जोडी. पुढचा पाय कुठे, मागचा कुठे, कोणता किती वळलेला, सगळं कोनमापकानं काढलेलं. "यावर उभी राहत जा रोज. प्रॅक्टिस नाही तर कसं होणार?" मला बरं वाटलं, हे कबूल करते. त्याचं माप चुकत नाही ही आमच्या घरातली श्रद्धा आहे. पडद्याचे रॉड, स्वयंपाकघरातली फळी, मुलीच्या खोलीतलं कपाट, कशालाही त्याला दुसऱ्यांदा भोक पाडावं लागलेलं नाही. त्याच्या बोलण्यावर मी कधीच विश्वास ठेवला नसेल, पण त्याच्या टेपवर सव्वीस वर्षं डोळे मिटून ठेवला आहे.

तर पाच महिने रोज शाळेतून आले की मी त्या पिवळ्या पावलांवर उभी राहायची. मांड्या थरथरायच्या, पोटऱ्या भरून यायच्या. वह्या तपासायच्या राहायच्या. पावलांच्या बाहेर बोटभरही जायची नाही. आणि सकाळी मैदानावर जाऊन पडायची. मी जितक्या नेटानं सराव करत होते तितकी सहज पडत होते, हे मला दिसत होतं. दोष मी स्वतःलाच दिला. पुण्यात नोकरी करणारी मुलगी फोनवर विचारायची, "मम्मी, आज पापा को हिलाया क्या?" मी विषय बदलायची. आपल्यातच काहीतरी कमी आहे, आपण नालीत बसणाऱ्यांतल्याच, असं मी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं.

संक्रांतीला सर तीळगूळ घ्यायला घरी आले. नवऱ्याला आपली कारागिरी दाखवायची भारी हौस. सरांनी लाडू तोंडात टाकला न टाकला तोच त्यांना गच्चीवर घेऊन गेला. मी तीळगुळाची वाटी हातात घेऊन मागोमाग गेले. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पतंग उडवणारी माणसं होती. सरांनी नवऱ्याची पावलं पाहिली आणि मान डोलावली, "बहुत बढ़िया. एकदम सही." मग त्यांनी माझी पावलं पाहिली.

"ये किसके हैं? किसी बच्चे के?"

"इनके," नवरा म्हणाला.

सर चपला काढून त्या पावलांवर स्वतः उभे राहिले. पुढचा पाय आणि मागचा पाय एकाच रेषेत, एकामागे एक. त्यांनी नवऱ्याला म्हटलं, जरा बाजूनं हात लावा. नवऱ्यानं लावला. चाळीस वर्षं ही विद्या केलेला तो माणूस एका हाताच्या रेट्यानं डुगडुगला आणि त्याला पाय उचलावा लागला. "इस पर तो मैं भी गिर जाऊँ," ते म्हणाले. "दोनों पैरों के बीच चौड़ाई कहाँ है? कंधे जितनी चाहिए. आपने अपनी तो रखी है, भाई साहब."

हे त्यांना पाच महिन्यांत मैदानावर का दिसलं नाही, तेही मला तिथेच समजलं. पुरुषांचा पाय चुकला की सर आपल्या बुटाच्या टोकानं तो जागेवर सरकवतात. बायकांच्या पायांकडे ते बघतच नाहीत. मागच्या रांगेत आल्यावर त्यांची नजर आमच्या डोक्यांवरून जाते. याला ते सभ्यपणा समजतात, आणि माझं पडणं त्या सभ्यपणाखाली झाकून राहिलं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर चूक सापडल्याचा भाव नव्हता. तो सरांना समजावून सांगायला लागला. "सर, लेडीज़ है ना. चारों तरफ़ लोगों की छतें हैं." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "पाय फाकवून उभी राहणार काय चार लोकांत? म्हणून थोडं कमी ठेवलं."

थोडं कमी ठेवलं. म्हणजे माप चुकलेलं नव्हतंच. त्यानं टेप लावून, कोनमापक लावून, मला पडण्याच्या मापात बरोबर बसवलं होतं. आणि रोज सकाळी मला हलवून वर 'रिजेक्ट' म्हणत होता. हे त्यानं मुद्दाम केलं असतं तर एक वेळ माफ केलं असतं. त्याला हे चूक वाटलंच नव्हतं, हे मला आजही माफ करता येत नाही.

तीळगुळाची वाटी माझ्या हातात होती. मी गोड बोलले नाही. सर जिना उतरेपर्यंतही थांबले नाही. "पाच महिने!" एवढंच आठवतं मला, ते मी ओरडून म्हटलं, दोनदा-तीनदा. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी पतंग सोडून आमच्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "हळू बोल, लोक पाहून राहिले." त्याला अजूनही लोकांचंच पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खणातून त्याचा टेप काढला, न विचारता. खिडक्यांच्या ग्रिलसाठी आणलेला लाल प्रायमर होता. माझ्या खांद्यांची रुंदी घेतली, खडूनं आखलं आणि स्वतःची पावलं स्वतः रंगवली. एक पाऊल थोडं वाकडं आलं. राहू दिलं. पिवळी पावलं मी पुसली नाहीत, ती तशीच लाल पावलांच्या मध्ये दिसतात. नवरा संध्याकाळी वर आला, पाहिलं आणि म्हणाला, "फरशी खराब केली."

त्यानंतर महिनाभर मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. भाजी काय, गॅस आला का, बिल भरलं का. मैदानावर मनगटाला मनगट मात्र रोज लागत होतं. पाय रुंद ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक पडला. तो ढकलायचा आणि मी जायची नाही. पण त्याला हलवणंही जमत नव्हतं. सर लांबून ओरडायचे, "भाभीजी, कंधे ढीले! गुस्सा कम कीजिए!" खांदे रागानं ताठ झाले की समोरच्याला धरायला मूठ मिळते, हे खरं आहे. मी खांदे सैल करायला शिकले. राग कमी वगैरे केला नाही. तो फक्त खांद्यांतून काढून खाली पायांत नेला, आणि तिथे तो चांगला कामाला आला.

मग एक दिवस मला नवऱ्याचा श्वास सापडला. डाळीत मीठ कमी आहे हे सांगायच्या आधी तो नाकातून एक आखूड श्वास ओढतो. सव्वीस वर्षं ऐकते आहे. तो श्वास झाला की काहीतरी खोट काढली जाणार, हे मला पोळी लाटतानाही पाठमोरं कळतं. त्या सकाळी मनगट लावून उभी होते आणि तोच श्वास मला त्याच्या मनगटातून माझ्या मनगटात कळला. आता हा ढकलणार. तो ढकलायच्या आतच मी कंबर वळवली आणि हाताला नुसता रस्ता दिला. तो माझ्या बाजूनं सरळ पुढे गेला. दोन पावलं, तीन पावलं, मग गुडघा आणि दोन्ही हात गवतावर. दवानं त्याची पँट ओली झाली.

कोणी हसलं नाही. मीच म्हटलं, "रिजेक्ट."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? जलेबीच्या दुकानापाशी त्यानं त्या दिवशी स्कूटर थांबवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा दुखतो म्हणाला आणि उठला नाही. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. रात्री जिने चढताना मी त्याला पाहिलं होतं.

मी एकटी गेले. फेरा झाला, पुरुषांनी जोड्या लावल्या आणि मी मैदानाच्या मध्ये एकटी उरले. तेव्हा कळलं की जिंकून मी स्वतःचंच दार लावून घेतलं आहे. नवरा नाही तर जोडीदार नाही, आणि जोडीदार नाही तर कडुलिंबाखाली जाऊन बसायचं. सर आले आणि हळूच म्हणाले, "भाभीजी, आप बैठ जाइए ना." मी बसले नाही. एक पाय पुढे टाकला, खांद्याइतकं अंतर ठेवलं आणि उजवं मनगट पुढे करून उभी राहिले. ज्याला यायचं त्यानं यावं.

कोणी आलं नाही. वीस मिनिटं मी तो हात खाली घेतला नाही. दंडात गोळे आले. रोज माझ्याकडून शाळेच्या ॲडमिशनची चौकशी करणारे लोक माझ्याकडे पाठ करून ढकलाढकली करत होते. त्यांच्या पाठी मी नीट बघून ठेवल्या आहेत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी धुकं होतं, त्यातही उभी राहिले. आठवडाभर मी हवेत हात धरून उभी होते आणि ती सगळी भली माणसं मला न बघण्याची कसरत करत होती. कडुलिंबाखालच्या तिघींपैकी एकीनं मला पाणी आणून दिलं, तेवढंच.

आठव्या दिवशी नवरा आला. कारखान्यात कोणीतरी त्याला विचारलं होतं म्हणे, भाभीजी मैदान में अकेली क्यों खड़ी रहती हैं. ड्यूटीचे कपडे, पायात बूट, तोंड लाल. तो थेट माझ्यासमोर आला आणि लोकांना वाटावं सराव चाललाय म्हणून मनगट माझ्या मनगटाला लावलं. दात आवळून म्हणाला, "घरी चल. तमाशा करून राहिली काय? बस झालं आता हे."

"हलवून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"माझा पाय हलवून दाखवा. हलला तर आत्ता घरी येते आणि पुन्हा कधी इथे येणार नाही. शब्द देते."

हे मी मोठ्यानं म्हटलं. जोड्या थांबल्या. मराठी न कळणाऱ्यांनाही काय चाललंय ते कळलं असावं. सर मफलर धरून उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

त्यानं ढकललं. मी जाऊ दिलं. त्यानं बाजूनं रेटलं, जिथून पाच महिने मी पडत होते तिथूनच. जोर कमरेत आला, मागच्या मांडीत उतरला, टाचेखाली दबला. पाय तिथेच. त्यानं दोन्ही हात लावले, जे नियमात नाही. तो जोरही मी खाली जाऊ दिला. त्याच्या कपाळावर घाम आला. इतक्या जवळून, इतका वेळ त्यानं माझ्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्या पाहण्यात प्रेमाचा लवलेश नव्हता. माझ्याही नव्हता. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा त्यानं हात काढले.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या पाहतो."

त्याला सव्वा वर्ष झालं. मला घरी न्यायला तो रोज सकाळी सहाला मैदानावर येतो. आमच्यात समेट वगैरे काही झालेला नाही. मुलीला वाटतं की मम्मी-पापांनी छान एक छंद लावून घेतला, आणि मी तिचा समज दुरुस्त करत नाही. तो आता पहिल्यापेक्षा खूप चांगला ढकलतो. नाकातला श्वासही लपवायला शिकतो आहे. एक दिवस लपवेल. त्याला एकदाच जिंकायचं आहे, आणि मला एकदाही हरून चालणार नाही, कारण शब्द दिला आहे. म्हणून रोज शाळेतून आले की वह्या बाजूला ठेवते आणि गच्चीवर जाते. चारी बाजूंच्या गच्च्यांवरून लोक बघतात आणि मी माझ्या लाल पावलांवर, पाय खांद्याइतके फाकवून उभी असते.